न घडलेल्या गोष्टींचा सत्कार

दरवर्षी ऑक्टोबरअखेर, सरदार पटेलांची जयंती ज्या आठवड्यात येते त्या आठवड्यात, केंद्र सरकारच्या कार्यालयांत आणि सरकारी बँकांत दक्षता सप्ताह पाळला जातो. केंद्रीय दक्षता आयोगाने ठरवून दिलेली सचोटीची प्रतिज्ञा कर्मचारी उभे राहून घेतात. निबंध आणि घोषवाक्यांच्या स्पर्धा होतात, कर्मचाऱ्यांच्या मुलांनी काढलेली चित्रे भिंतीवर लागतात आणि शेवटी बक्षीस समारंभ होतो. बक्षीस मिळते ते सचोटीवर उत्तम निबंध लिहिणाऱ्याला. सचोटीने वागणाऱ्याला बक्षीस देण्याची सोय कार्यक्रमपत्रिकेत सहसा नसते. आणि मग मार्च उलटला की त्याच सभागृहात दुसरा समारंभ भरतो. त्यात सर्वाधिक विमा पॉलिसी खपवणाऱ्या शाखाधिकाऱ्याच्या हाती ढाल येते, टाळ्या पडतात आणि छायाचित्र विभागीय कार्यालयाच्या दर्शनी भिंतीवर झळकते. नव्याने लागलेला कारकून हे दोन्ही समारंभ पाहतो आणि आपल्या बँकेला नेमके काय आवडते, ते पहिल्याच वर्षी समजून घेतो.

हे आठवण्याचे कारण असे की, ‘संस्थेची मूल्ये आचरणात आणणाऱ्या कर्मचाऱ्यांचा गौरव’ हा आता सर्व मोठ्या कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागांचा आवडीचा विषय झाला आहे. सचोटी, ग्राहकनिष्ठा, सहकार्य, नावीन्य असे चार-पाच शब्द काचेच्या तसबिरीत लावायचे आणि दर महिन्याला एकाला त्या शब्दांचे प्रतीक म्हणून निवडायचे. सरकारही मागे नाही. प्रशासनातील उत्कृष्ट कामगिरीसाठी पंतप्रधानांचे पुरस्कार २००६ मध्ये सुरू झाले, २०२० मध्ये ‘मिशन कर्मयोगी’ आले. हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण बँकेच्या नोकरीत तीस वर्षांहून अधिक काळ घालवल्यावर माझी एक शंका पक्की झाली आहे. आपल्या गौरवाच्या पद्धतींना फक्त घडलेल्या गोष्टी दिसतात. मूल्ये मात्र बहुतेक वेळा, माणूस काय घडू देत नाही, त्यातून प्रकट होतात.

एक सर्वज्ञात उदाहरण घेऊ. २०१८ च्या जानेवारीत पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील ब्रॅडी हाऊस शाखेत नीरव मोदी यांच्या कंपन्यांनी परदेशातील देणी भागवण्यासाठी हमीपत्रांची, म्हणजे ‘लेटर ऑफ अंडरटेकिंग’ची मागणी केली. टेबलावरच्या अधिकाऱ्याने नियमाप्रमाणे सांगितले की, तुमच्या नावावर मंजूर मर्यादा नाही, तेव्हा शंभर टक्के रक्कम आधी बँकेत ठेवावी लागेल. कंपन्यांचे म्हणणे पडले की, आजवर अशी रक्कम कधी मागितली गेलेली नाही. तेव्हा जुने कागद पाहिले गेले. पूर्वीच्या हमीपत्रांची बँकेच्या हिशेबात नोंदच नव्हती! स्विफ्ट यंत्रणेवरून परदेशी शाखांना संदेश जात होते, आणि ती यंत्रणा बँकेच्या कोअर बँकिंग प्रणालीशी जोडलेली नव्हती. महिनाअखेर केंद्रीय अन्वेषण विभागाकडे तक्रार गेली आणि पुढे या गैरव्यवहाराचा आकडा तेरा हजार कोटी रुपयांच्या वर गेला.

या प्रकरणातील आरोपींची नावे शाळकरी मुलांनाही पाठ झाली. ज्या टेबलावर तो प्रश्न विचारला गेला, तिथल्या माणसाचे नाव आपल्यापैकी कुणाच्या ध्यानात आहे? प्रश्न तर अगदी साधा होता, बँकेत लागलेल्या प्रोबेशनरी अधिकाऱ्याला पहिल्या सहा महिन्यांत शिकवला जाणारा. वर्षानुवर्षे तो त्या टेबलावर विचारला गेला नाही, एवढीच त्याची थोरवी. आता कल्पना करा, हाच प्रश्न कुणी पहिल्याच हमीपत्राच्या वेळी विचारला असता, तर काय झाले असते? घोटाळा झाला नसता, म्हणजे बातमीही झाली नसती. हिऱ्यांचा मोठा व्यापारी रागावून दुसऱ्या बँकेत गेला असता. शाखेचे कमिशन बुडाले असते. आणि वार्षिक आढाव्याच्या बैठकीत साहेबांनी विचारले असते, ‘असा ग्राहक हातचा घालवणारा हा अडेलतट्टू कोण?’

ही केवळ कादंबरीकाराची कल्पना नव्हे. नव्वदच्या दशकात मी ज्या बँकेत होतो, तिच्या तालुक्याच्या गावातील एका शाखेत शीतगृहासाठी मोठ्या कर्जाचा प्रस्ताव आला. अर्जदार वजनदार होते. शाखेतले फील्ड ऑफिसर जागेवर जाऊन आले आणि त्यांनी दीड पानाचे टिपण लिहिले. यंत्रसामग्रीची दरपत्रके फुगवलेली आहेत, सातबाऱ्यावर दुसऱ्या संस्थेचा बोजा आहे, आणि परिसरात माल किती निघतो हे पाहता शीतगृह निम्मेही भरणार नाही, असे त्यात होते. वरून फोन आला. टिपण ‘थोडे सौम्य’ करावे, असे त्यांना सुचवण्यात आले. ते बधले नाहीत. शाखाधिकाऱ्यांनी टिपणाला बगल देऊन अनुकूल शिफारस केली, कर्ज मंजूर झाले आणि फील्ड ऑफिसरांची ऐन शाळेच्या दिवसांत बदली झाली. त्यांच्या गोपनीय अहवालात ‘व्यवसायवृद्धीची दृष्टी कमी’ असा शेरा पडला.

चार-पाच वर्षांत ते कर्ज थकले. चौकशी झाली. मी तेव्हा विभागीय कार्यालयात होतो आणि ती फाईल माझ्या टेबलावरून गेली. ते दीड पान फायलीत जागच्या जागी होते, अक्षरही ओळखीचे. चौकशी अधिकाऱ्यांनी दोषी कोण हे नीट शोधले, दोघांना आरोपपत्रे मिळाली. मात्र या फायलीत बरोबर कोण होते, हा प्रश्न कुणाच्याही कार्यकक्षेत नव्हता. टिपण लिहिणारे गृहस्थ बरोबरीच्यांच्या दोन बढत्या मागे राहून निवृत्त झाले. निरोपसमारंभात चहा-सामोसे झाले आणि भाषणांत त्यांच्या मनमिळाऊ स्वभावाचे कौतुक झाले. दीड पानाचा उल्लेख कुणी केला नाही, कारण हजर असलेल्यांपैकी फारच थोड्यांना ते ठाऊक होते.

यात कुणी एक खलनायक शोधण्याचे कारण नाही. दोष मोजमापाच्या रीतीत आहे. दिलेले कर्ज आकड्यांत येते, आलेली ठेव आकड्यांत येते, विकलेली पॉलिसी येते. न दिलेल्या कर्जासाठी ताळेबंदात रकाना नसतो. बँक ऑफ इंग्लंडमधले अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली चलनविषयक धोरणाच्या संदर्भात एक निरीक्षण मांडले होते. त्याचा मथितार्थ असा की, एखाद्या मापाचेच उद्दिष्ट बनवले की ते माप विश्वासार्ह राहत नाही. आपल्याकडे याचा पडताळा पाहायचा तर जनधन खात्यांकडे बघावे. २०१४ च्या ऑगस्टमध्ये ही योजना सुरू झाली. गरिबाच्या हाती पासबुक आले, ही मोठीच गोष्ट झाली. पण शून्य शिलकीची खाती किती, यावरून शाखांची झाडाझडती होऊ लागली, आणि काही शाखांतले कर्मचारी अशा खात्यांत एक-एक रुपया टाकून शून्याचा कलंक पुसत असल्याचे २०१६ मध्ये वृत्तपत्रीय शोधातून उघड झाले. रुपया टाकणारा कारकून लबाड होता, असे मला वाटत नाही. आकडा सुधारला की शाबासकी मिळते, हे तो शिकला होता.

शाबासकीची दुसरी बाजू म्हणजे पाणउतारा. २०२३ च्या जूनमध्ये एका बड्या खासगी बँकेच्या वरिष्ठ अधिकाऱ्याची ऑनलाइन बैठकीतील चित्रफीत घरोघरी पाहिली गेली. उद्दिष्ट न गाठणाऱ्या हाताखालच्या लोकांवर ते ओरडत होते. बँकेने त्यांना निलंबित केले आणि आपल्या आचारसंहितेचा हवाला दिला. पण हे गृहस्थ त्या खुर्चीपर्यंत पोहोचले ते बढत्या घेतच ना? २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी मुंबईत बँकवाल्यांसमोरच सांगितले की, विमा चुकीच्या रीतीने गळ्यात मारण्याने ग्राहकाचा कर्जाचा खर्च आडवाटेने वाढतो, आणि बँकांनी आपल्या मूळ कामाकडे लक्ष द्यावे. सल्ला योग्यच. मात्र तो ऐकून परतलेल्या अधिकाऱ्याच्या टेबलावर त्या महिन्याचे विम्याचे उद्दिष्ट तसेच पडलेले असते.

हा प्रकार कोणत्या थराला जाऊ शकतो, याचा सगळा दस्तऐवज अमेरिकेत उपलब्ध आहे. वेल्स फार्गो ही तिथली जुनी, प्रतिष्ठित बँक. मूल्यांवर तिने स्वतंत्र पुस्तिका काढलेली होती. त्याच बँकेत प्रत्येक ग्राहकाला आठ सेवा विकण्याचे लक्ष्य होते, आणि ‘एट इज ग्रेट’ असे त्याचे यमकही जुळवलेले होते. आठ कुठून आणायच्या? कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता त्यांच्या नावे खाती उघडली, कार्डे काढली. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये बँकेला साडेअठरा कोटी डॉलरचा दंड झाला. या कारणाखाली तिने सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना आधीच्या काही वर्षांत काढून टाकलेले होते. २०२० मध्ये तीन अब्ज डॉलर भरून तिला अमेरिकी सरकारशी तडजोड करावी लागली. आपल्या दृष्टीने बोधप्रद भाग वेगळा आहे. संशयास्पद व्यवहारांबद्दल वरिष्ठांना आणि बँकेच्या नीतिविषयक दूरध्वनी सेवेला कळवणाऱ्या एका व्यवस्थापकाला नोकरी गमवावी लागली होती. त्यांना परत घ्यावे आणि भरपाईसह ५४ लाख डॉलर द्यावेत, असा आदेश अमेरिकेच्या कामगार खात्याला २०१७ मध्ये काढावा लागला. मूल्ये पुस्तिकेत होती. ती पाळणारा माणूस बाहेर होता.

कोकणातल्या वाचकांना तर दूर जायलाच नको. गुहागर तालुक्यात प्रकल्प उभारणाऱ्या एन्रॉनने आदर, सचोटी, संवाद आणि उत्कृष्टता ही आपली चार मूल्ये २००० च्या वार्षिक अहवालात छापली होती. डिसेंबर २००१ मध्ये कंपनीने दिवाळे काढले. त्याआधी ऑगस्टमध्ये शेरॉन वॅटकिन्स या तिथल्याच उपाध्यक्षांनी हिशेबातल्या गडबडीबद्दल अध्यक्षांना लेखी सावध केले होते. त्यानंतर कंपनीने वकिलांकडून जे मत मागवले, त्यात अशा कर्मचाऱ्याला काढून टाकता येईल का, हाही मुद्दा होता.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. आमच्या युनियनमधले एक ज्येष्ठ सहकारी म्हणत, ‘प्रामाणिकपणाचा सत्कार करू नका. एकाचा केलात, तर बाकीचे कोण, असा प्रश्न पडेल. प्रामाणिकपणा पगारातच धरलेला आहे.’ या म्हणण्याला अभ्यासाचा आधारही देता येईल. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ रिचर्ड टिटमस यांनी १९७० मध्ये रक्तदानावर पुस्तक लिहिले. ब्रिटनमधले विनामूल्य रक्तदान आणि अमेरिकेतली रक्ताची खरेदी यांची तुलना करून त्यांनी मांडले की, ज्या गोष्टी माणूस आपणहोऊन देतो तिची किंमत ठरवली, तर देण्याची वृत्तीच झिजते. मला हे पटते. सचोटीला रोख बक्षीस लावले, तर उद्या तिचेही टार्गेट होईल, आणि दरमहा एक प्रामाणिक माणूस हुडकून काढणे शाखाधिकाऱ्याच्या कामांच्या यादीत जाऊन बसेल.

पण किंमत देणे निराळे आणि दखल घेणे निराळे. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला, तेव्हा ताजमहाल पॅलेस हॉटेलच्या कर्मचाऱ्यांनी शेकडो पाहुण्यांना वाचवले आणि त्यात अकराजणांनी प्राण गमावले. हे कसे घडले, यावर ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’ने २०११ च्या डिसेंबरमध्ये सविस्तर लेख छापला. त्यात ताजच्या ‘स्टार्स’ नावाच्या गौरवपद्धतीचे वर्णन आहे. पाहुण्यांनी केलेली प्रशंसा, सहकाऱ्यांनी केलेली प्रशंसा आणि स्वतः केलेल्या सूचना या तिन्हींवर कर्मचाऱ्याला गुण मिळतात. रोज दिवसअखेर समिती बसते. आणि समितीने ४८ तासांत निर्णय दिला नाही, तर गुण आपोआप कर्मचाऱ्याच्या खात्यात जमा होतात! हे शेवटचे कलम वाचून मी थक्क झालो. माझ्या माहितीतल्या बहुतेक कार्यालयांत निर्णय लांबला की तोटा कर्मचाऱ्याचा होतो.

गुणांच्या पद्धतीमुळे माणसे बंदुकीसमोर उभी राहिली, असे म्हणणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. त्याच रात्री कामा रुग्णालयातील परिचारिका अंजली कुलथे यांनी आपल्या कक्षातील वीस गर्भवतींना सुरक्षित जागी नेले, छत्रपती शिवाजी टर्मिनसवर उद्घोषक विष्णू झेंडे यांनी ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना बाहेरची वाट दाखवली. त्यांच्यामागे अशी कुठली गुणपत्रिका नव्हती. माणसाचे सत्त्व संस्था घडवत नाही. ती फार तर ते पाहू शकते, आणि आपण पाहिले हे वेळेवर सांगू शकते. रोजच्या लहान गोष्टी पाहिल्या जातात असा अनुभव असला, तर माणसाला मोठ्या प्रसंगी एकटे वाटत नाही, एवढाच ताजच्या पद्धतीचा मला दिसणारा अर्थ.

आपल्याकडे अनेकदा दखल घेतली गेली ती माणूस गेल्यावर. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचे अभियंता सत्येंद्र दुबे यांनी सुवर्ण चतुष्कोण प्रकल्पातील गैरव्यवहारांबद्दल २००२ मध्ये पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिले आणि नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. पत्र नावासकट खात्यांमधून फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांची हत्या झाली. इंडियन ऑइलचे अधिकारी मंजुनाथ षण्मुगम यांनी उत्तर प्रदेशात लखीमपूर खिरी इथल्या पंपावरची भेसळ रोखली, त्यांना नोव्हेंबर २००५ मध्ये गोळ्या घातल्या गेल्या. २०११ च्या प्रजासत्ताकदिनाच्या आदल्या दिवशी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ इंधन-भेसळखोरांनी जिवंत जाळले. त्यांच्या नावाने श्रद्धांजली सभा झाल्या, पुरस्कार निघाले. जागल्यांना संरक्षण देणाऱ्या कायद्यावर २०१४ मध्ये राष्ट्रपतींची सही झाली, पण पुढे दशक उलटले तरी तो अमलात आला नव्हता. जिवंतपणी संरक्षण न देता मेल्यावर गौरव करणे, ही समाजाला स्वस्त पडणारी सोय आहे.

मग करावे काय? मला तीन साध्या गोष्टी सुचतात. तिन्हींना समारंभ लागत नाही. पहिली, कर्ज बुडाल्यावर जबाबदारी निश्चित करणारा अहवाल तयार होतो, त्यात आणखी एक रकाना असावा : या प्रकरणात धोक्याचा इशारा आधी कुणी दिला होता? नाव सापडले, तर त्या माणसाच्या सेवापुस्तकात तशी नोंद व्हावी, पूर्वीचा प्रतिकूल शेरा पुसला जावा, आणि तो निवृत्त झाला असेल तर पत्राने त्याला कळवावे. फाईल तपासली जातेच, तेव्हा याला वेगळा खर्च नाही. दुसरी, विम्याची आणि गुंतवणुकीची विक्री करणाऱ्याला ढाल द्यायची तर लगेच देऊ नये. ग्राहकाने दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचा हप्ता स्वखुशीने भरला का, हे पाहून द्यावी. गळ्यात मारलेली पॉलिसी तोवर बंद पडलेली असते. तिसरी, ज्याने लेखी प्रतिकूल मत नोंदवले त्याची पुढच्या दोन वर्षांत बदली करायची झाली, तर तिचे कारण त्या शाखेच्या साखळीबाहेरच्या अधिकाऱ्याने तपासावे. आधी संरक्षण आणि मग गौरव, हा क्रम राखला तर गौरवाला अर्थ राहील.

हे सारे कर्मचाऱ्यांच्या समाधानापुरते आहे, असे कुणी समजू नये. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले, तेव्हा प्रत्येक ठेवीदाराला आधी फक्त एक हजार रुपये काढण्याची मुभा मिळाली. बँकेच्या एकूण कर्जांपैकी दोन-तृतीयांशाहून अधिक रक्कम एकाच बांधकाम समूहाकडे अडकली होती आणि ती झाकण्यासाठी एकवीस हजारांहून अधिक खोटी खाती वापरली गेली होती. एवढी खाती एका माणसाच्या हातून तयार होत नाहीत. वाटेत कितीतरी टेबले लागतात, आणि प्रत्येक टेबलावर ‘हे माझ्याकडून होणार नाही’ असे म्हणायची एक संधी असते. मुंबईतल्या शाखांसमोर त्या आठवड्यात रांगा लागल्या. त्यांत पेन्शनर होते, मुलीच्या लग्नासाठी पैसे साठवलेले रिक्षावाले होते, औषधांची चिठ्ठी हातात धरलेल्या बायका होत्या. एखाद्या टेबलावरच्या नकाराची किंमत किती असते, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.